सारं थंड

१

लिहायची हौस मला नाही. चौथीत शाळा सुटली ती सुटली. पण माझी सून जयवंता हिनं वही माझ्या पुढ्यात आदळली आणि म्हणाली, "मामाजी, एक तं लिवा, नाई तं उद्या डाक्टरपाशी चला."

मला खोकला आहे. डाक्टरला पाठीवर नळी लावून ऐकायचं होतं. मी पाठ दिली नाही. छाती घे म्हणलं, जीभ बघ म्हणलं. पाठ नाही. डाक्टर आधी हसला, मग चिडला. जयवंता चार लोकांत शरमली. घरी येऊन तिनं सगळं बाहेर काढलं. मी आंघोळीला कोणाला पाठ चोळू देत नाही. नातवाला कधी पाठकुळी घेतलं नाही. एसटीत मागच्या भिंतीला टेकून बसतो.

"काऊन मामाजी? सांगा ना. काऊन?"

काऊन ते लिहितो. मास्तरनं शिकवलं तसं लिहीन, मधे मधे बोलणं निसटलं तर निसटलं. वाचून झालं की मला प्रश्न विचारायचे नाहीत. मला जेवढं माहीत आहे तेवढंच यात आहे.

आर्वीच्या एका जिनिंगमधे मी गाठी तपासायचो. ती जिनिंग आता नाही, तिथं मंगल कार्यालय झालं. कापूस रेच्यातून काढला की सरकी वेगळी पडते, रुई वेगळी. रुई प्रेसमधे दाबून तिची गाठ बांधतात. छातीएवढी उंच, वरून लोखंडी पट्ट्या. कापसात एखादा खडा नाहीतर खिळा आला की रेच्यात ठिणगी उडते. ती रुईबरोबर गाठीत दाबली गेली तर विझत नाही. आत बसून राहते. बाहेरून गाठ पांढरी, थंड, शहाण्यासारखी दिसते. आत तीन-तीन, चार-चार दिवस धुमसते. मग एखाद्या दुपारी तिला वारा मिळतो आणि सारी शेड जाते.

म्हणून ताजी गाठ चार दिवस रोज तपासायची. ते काम माझं होतं, वीस वर्षांहून जास्त. गाठीवर तळहात पसरून ठेवायचा. दोन थापा मारायच्या. मग सळई खुपसायची, अकरा श्वास मोजायचे, सळई काढून गालाला लावायची. गालाला जे कळतं ते कशालाच कळत नाही. माझ्या उजव्या हाताची करंगळी पट्टी तुटून बसल्यापासून वाकडी आहे. चार बोटं एकदम पडतात, करंगळी मागून. थप्-टिक. रुई निवडणाऱ्या बाया नुसत्या आवाजावरून ओळखायच्या. रुख्माबाई म्हणायची, "आला पाहा लक्ष्मणराव, थप्-टिक, थप्-टिक. मेल्यावर बी चितेची लाकडं असाच तपासन."

पाचला भोंगा व्हायचा. मॅनेजर भैयाजी फाटकात उभे राहायचे. दीडशे माणसं-बाया त्यांच्या मागं. भैयाजी मोठ्यानं विचारायचे, "लक्ष्मणराव, सारं थंड?"

मी म्हणायचो, "सारं थंड."

मग फाटक उघडायचं. माझ्या छातीवर पितळी बिल्ला होता, नंबर एकशे अठरा. घरी गेल्यावर अनुसया, माझी बायको, तो चिंचेनं घासायची. तीही तिथंच रुई निवडायला होती. फाटक माझ्या शब्दावर उघडतं हे ती रोज पाहायची. गरीब माणसाजवळ याच्यापेक्षा जास्त काय असतं, सांगा.

२

सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर आपिसात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी खिडक्यांना निळे पडदे लागले, कूलर लागला. आम्ही वीस वर्षं पत्र्याखाली शिजलो, आम्हाला टेबलफॅन नाही. डब्ब्याला कूलर, तोही थंडीत. बाया बाहेर चपला काढून आत डोकवायच्या, जशी काही देवी बसवली आहे.

तो चालवायला वर्ध्याहून चंद्रभान आला. पंचवीस-सव्वीसचा, चष्मा, शर्ट आत खोचलेला. बोलायला गोड. पहिल्या दिवशी त्यानं मला एक नवी सळई दिली. तिच्या डोक्यावर घड्याळासारखी चकती, चकतीवर काटा.

"काका, आता गालाले लावाची गरज नाई. काट्यावरचा आकडा चिठ्ठीवर लिवा अन् मले द्या. चाळीसच्या वर गेला तं गरम."

"मले काट्याशिवाय समजते."

"समजत असन काका. पण तुमचा हात जुना झाला ना आता."

हे तो बायांसमोर बोलला. तीन-चार हसल्या. अनुसया हसली नाही, पण तिनं खाली पाहिलं, आणि ते मला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

तेव्हापासून रोज दुपारी चारला मी चिठ्ठ्या न्यायचो. शेड एक, दोन, तीन, एकेका गाठीचा नंबर आणि आकडा. चंद्रभान बटणं दाबायचा. मग दुसरा एक डब्बा करकरत कागद ओकायचा. कागदावर चार ओळी, चार शेडींच्या. इंग्रजी मला येत नाही, पण आकडे येतात, आणि ओळीच्या शेवटचा शब्द मी लांबीवरून ओळखायला शिकलो. तीन अक्षरं म्हणजे येस, सगळ्या थंड. दोन अक्षरं म्हणजे नो. नो आलं तर पुढं त्या गाठीचा नंबर आणि आकडा.

पाचला भैयाजी फाटकात उभे राहायचे. आता विचारायचे, "चंद्रभान, कागद?" तो कागद वर धरायचा. फाटक उघडायचं.

मी बाजूला उभा. हात माझा, चालणं माझं, दीडशे गाठींत सळई खुपसून खांदा माझा भरून यायचा. आणि फाटक कागदाच्या शब्दावर उघडायचं.

मला जळजळ झाली का? झाली. लपवून काय करू? रात्री भाकर गिळेना. एकदा अनुसयाच्या डब्यात अंबाडीची भाजी जास्त दिसली. विचारलं तर म्हणाली, "चंद्रभानले देतो थोडी. लेकरू खानावळीत जेवते." मी डबा उचलून अंगणात फेकला. दुसऱ्या दिवशी ती नवीन डबा घेऊन आली, त्यातही भाजी जास्तच.

३

चार नंबरची शेड त्या साली रिकामी होती. पत्रे बदलायचे होते, म्हणून माल ठेवत नव्हते. झाडून, कुलूप लावून ठेवली होती. चावी माझ्या कमरेला.

पण कागदावर चार नंबरच्या ओळीपुढं रोज तीन अक्षरं यायची. येस. मी आठ दिवस पाहिलं. नवव्या दिवशी भैयाजी बसले होते तेव्हा मुद्दाम बोललो.

"चार नंबरात गाठ नाई, गाठीचं सुतळ नाई. अन् हा डब्बा म्हणते सारं थंड. याले दिसते तरी का?"

मला वाटलं पोरगं अडकेल. त्यानं चष्मा पुसला.

"काका, मशीन सारं थंड हाय का हे पाहतच नाई. ते एकच गोष्ट शोधते, गरम गाठ. एकेक गाठ घेते. पहिली गरम भेटली का तिथंच थांबते, पुढची पाहत बी नाई. नो म्हणते. अन् शेवटपर्यंत एकही भेटली नाई, तं येस."

"अन् गाठच नसन तं?"

"तं गरम कुठून भेटन? म्हणून येस. जे नाईच, ते गरम कसं असन काका?"

"मंग जे नाईच, ते थंड तरी कसं असन?"

भैयाजी खो खो हसले. मला वाटलं माझ्या बाजूनं हसले. पण ते चंद्रभानच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "याले समजावता समजावता तुह्या चष्म्याचा नंबर वाढन."

मी बाहेर आलो. चार नंबरचं कुलूप उगाच ओढून पाहिलं. आत पत्रा तडकला. उन्हानं पत्रे तडकतातच. मी नेहमीच्या सवयीनं दारावर तळहात ठेवला, दोन थापा मारल्या. थप्-टिक.

आतून, शेडीच्या दुसऱ्या टोकाहून, तसंच काहीतरी परत आलं. रिकामी जागा आहे, आवाज घुमतो. मी स्वतःला तेच सांगितलं आणि पाणी प्यायला गेलो.

४

संक्रांत झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी, दोन नंबरात, भिंतीकडच्या रांगेत, गाठ नंबर दोन हजार शेहेचाळीस. हात ठेवला तर थंड. थापा मारल्या तर आवाज किंचित पोकळ. सळई घातली, अकरा श्वास. काटा एकेचाळीसवर.

मी सवयीनं सळई गालालाही लावली. गालानंही तेच सांगितलं. आत बसली आहे.

अशी गाठ सापडली की ओरडायचं असतं. चार हमाल येतात, गाठ लोटत बाहेर मोकळ्या वावरात नेतात, पट्ट्या तोडतात, पाणी मारतात. वीस वर्षांत मी अशा सोळा गाठी काढल्या.

सतरावी मी काढली नाही. चिठ्ठीवर लिहिलं : २०४६, आकडा २९.

तेव्हा मनात जे होतं तेच लिहितो. मी म्हणलं, गाठ पेटायला तीन-चार दिवस लागतात. आज कागद येस म्हणेल. उद्याही येस म्हणेल. परवा पाचला, सगळी माणसं फाटकात असताना, चंद्रभाननं कागद वर धरला की मी म्हणेन, थांबा. कागद येस म्हणून राह्यला, मी नाई म्हणतो. सगळ्यांसमोर गाठ फोडू. मग समजेल कोणाचा हात जुना झाला. काट्याचं, चिठ्ठीचं कोणी विचारलंच तर म्हणेन, तुमच्या काट्याला दिसलं नाही ते माझ्या गालाला दिसलं.

त्या भिंतीकडच्या रांगेला ऊन यायचं. थंडीच्या दिवसांत बाया दुपारी तिथंच पाठ टेकून भाकर खायच्या. अनुसयाही. हे मला माहीत होतं. मी म्हणलं, तीन दिवस आहेत.

चारला चिठ्ठ्या दिल्या. डब्बा करकरला. चंद्रभाननं कागद फाडला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

पहिली ओळ, तीन अक्षरं. दुसरी ओळ, दोन नंबरची, तीन अक्षरं. तिसरी, तीन.

चौथ्या ओळीला दोन.

"चार नंबर तं रिकामी हाय," चंद्रभान स्वतःशीच बोलला. "गाठ नंबर एकशे अठरा. आकडा एकेचाळीस. काका, तुमी चार नंबरची चिठ्ठी देल्ली का?"

"रिकाम्या शेडीची चिठ्ठी कोण देते बे?"

त्यानं बटणं दाबून पुसलं. पुन्हा सगळं टाकलं. पुन्हा कागद. पुन्हा तेच. एकशे अठरा, एकेचाळीस.

एकशे अठरा नंबरची गाठ हंगामाच्या सुरुवातीलाच ट्रकमधून गेली होती, मीच चढवली. म्हणजे जुना नंबर कुठंतरी डब्ब्यात अडकला असेल. पोरगं कच्चं आहे. आणि एकेचाळीस? एकेचाळीस काय, कोणताही आकडा येऊ शकतो.

मी माझ्या बिल्ल्यावर हात ठेवला होता हे मला आपिसाबाहेर आल्यावर समजलं.

५

दुसऱ्या दिवशी दोन हजार शेहेचाळीसमधे काटा शेहेचाळीसवर गेला. मी आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं. कोणाला बोललो नाही. चिठ्ठीवर लिहिलं, २९.

कागदावर दोन नंबर येस. चार नंबर नो. एकशे अठरा, शेहेचाळीस.

आदला आकडा चुकून जुळला असेल. हा कसा जुळला? मी मनात सगळं उलटंपालटं केलं. चंद्रभान माझ्या मागं येऊन काटा पाहत असेल. पण तो सकाळपासून भैयाजींबरोबर बँकेत होता. दुसऱ्या कोणी पाहिलं असेल? पाहिलं असतं तर गाठ काढली असती, असा खेळ कोण करतो? आणि त्याला मशीनमधून माझा नंबर कसा काढता येईल? दर वेळी मनात 'नाई' यायचं, आणि दर 'नाई'च्या मागं चार नंबरचं दार उभं.

पण बाहेर वेगळंच झालं होतं. जिनिंगभर बातमी पसरली की डब्बा बिघडला. पाचला फाटकात हसू मावेना.

रुख्माबाई म्हणाली, "चंद्रभान, तुह्या मशीनले भूत दिसते का रे? एखादा लिंबू बांध तिले."

"म्हणे रिकाम्या शेडीत आग लागली," कोणी हमाल बोलला. "पाणी मारू का साहेब, रिकामंच?"

चंद्रभानचे कान लाल झाले. त्यानं कागद वर धरलाच नाही, हातात चुरगाळला. भैयाजींनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"जाऊ द्या ते मशीन. लक्ष्मणराव, तुमीच सांगा. सारं थंड?"

दीडशे तोंडं माझ्याकडं वळली. त्यात अनुसयाचं. तिच्या तोंडावर जुनं तेज आलं होतं, बिल्ला घासताना असायचं तसं.

तेव्हाच सांगता आलं असतं. जिभेवर होतं. पण सांगितलं असतं तर भैयाजींनी विचारलं असतं, काल काऊन नाई सांगितलं? आणि मशीन बिघडलं म्हणून जे फाटक परत माझं झालं, ते दोन मिनिटं तरी माझं राहावं असं वाटलं.

मी म्हणालो, "सारं थंड."

फाटक उघडलं. असं गोड काही मी त्याआधी खाल्लं नव्हतं, त्यानंतरही नाही.

६

तिसऱ्या दिवशी सकाळी बावन्न. गाठीवर हात ठेवला तरी ऊब लागत होती. आता थांबायची सोय नव्हती. पण फाटकात सगळ्यांसमोर म्हणायचंही राहिलं नव्हतं, कारण काल मीच सारं थंड म्हणालो होतो. मशीन खोटं पाडायला निघालो आणि माझाच शब्द गाठीखाली दाबला गेला. मी चिठ्ठीवर तिसऱ्यांदा २९ लिहिलं. मी म्हणलं, जेवायच्या सुट्टीत गाठ हळूच एकटाच बाहेर लोटीन. एकट्यानं गाठ लोटवत नाही, हे माहीत असून म्हणलं.

बाराला भोंगा झाला. बाया डबे घेऊन दोन नंबरात गेल्या. मला अनुसयाचा आवाज आला, कोणाला तरी लोणचं देत होती. मी दोन नंबरात जायला निघालो आणि पाय चार नंबरकडं गेले.

मला पाहायचं होतं. डब्ब्याला आत काय दिसलं ते. मला न सांगता मला ओळखणारं तिथं काय आहे ते.

कुलूप काढलं. आत गेलो. दार वाऱ्यानं मागं टेकलं.

शेड झाडलेली, स्वच्छ. इथून तिथपर्यंत फरशी. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे गोल कवडसे पडलेले. बाहेरचे रेचे सुट्टीत बंद, म्हणून एवढं शांत की माझा बिल्ला शर्टाच्या गुंडीला घासत होता तोही ऐकू यावा. वास येत होता. जळका नाही, जळायच्या आधीचा. इस्त्री जरा जास्त वेळ ठेवल्यावर कापडाला येतो तसा.

मी मधोमध जाऊन उभा राहिलो. "कोण हाय?" म्हणालो. स्वतःचंच हसू आलं. कोणी नव्हतं. चारही भिंती दिसत होत्या. मी चंद्रभानला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या.

तेव्हा माझ्या मागं, लांबच्या भिंतीपाशी, वाजलं.

थप्-टिक. थप्-टिक.

मग चप्पल ओढल्याचा आवाज, एक पाऊल, बाजूला. मग थांबणं. सळई जाते तशी खस्स. मग काहीच नाही, अकरा श्वास. मी ते न ठरवता मोजले. मग पुन्हा पाऊल.

थप्-टिक. थप्-टिक.

रांग तपासत कोणीतरी येत होतं. गाठी नव्हत्या, पण रांग होती. प्रत्येकीपाशी थांबणं तेवढंच, घाई नाही, आळस नाही. वीस वर्षांत कोणी माझ्यासारखी रांग तपासली नाही, हे मी छाती ठोकून सांगत आलो. हे तसंच होतं. तंतोतंत. आणि खोटं कशाला लिहू, भीतीच्या आधी मला राग आला. म्हणलं, हे काम कोणी दिलं याला?

मग राग गेला. कारण आवाज माझ्या रांगेला लागला होता.

मी वळलो नाही. वळता येत नव्हतं असं नाही. गाठ वळत नाही, एवढंच मनात आलं, आणि ते माझ्या मनात कसं आलं ते मला आजही समजलं नाही.

माझ्या मागच्या जागेपाशी थप्-टिक झालं. अकरा श्वास. पाऊल.

मग माझ्या पाठीवर तळहात टेकला. पसरून, सावकाश, दोन्ही खांद्यांच्या मधे. आधी चार बोटं. मग, जरा मागून, करंगळी.

हात थंड होता. तो तिथं ठरला. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून मला माझ्या खांद्यामागं एक बाही दिसली, तिला रुई चिकटलेली. मनगट. त्याच्यापुढं मी पाहिलं नाही.

दोन थापा पडल्या. माझं अंग पोकळ वाजलं.

थापांनंतर काय येतं हे मला कोणी सांगायला नको होतं.

७

मी दारावर आपटलो, बाहेर पडलो, आणि ओरडत दोन नंबरात शिरलो, "उठा! उठा तिथून! शेहेचाळीस! दोन हजार शेहेचाळीस!"

बाया डबे टाकून पळाल्या. अनुसयाचा पदर मी धरून ओढला, तो फाटला. हमाल आले. गाठ लोटत वावरात नेली. पट्टी तोडली तशी ती आतून लालबुंद उघडली आणि वारा लागताच माणसाच्या उंचीची ज्वाला उठली. आणखी अर्धा तास गेला असता तर शेड गेली असती, आणि शेडीबरोबर त्या रांगेला टेकलेल्या सगळ्या जणी.

लोक माझ्या पाया पडायला आले. रुख्माबाई रडली. म्हणाली, "देव हाय तुह्या हातात, लक्ष्मणराव."

भैयाजींनी आपिसातून तिन्ही दिवसांचे आकडे मागवले. २०४६ पुढं एकोणतीस, एकोणतीस. आजची चिठ्ठी मी अजून दिलीच नव्हती. "एकोणतीस कसं?" त्यांनी विचारलं. सगळे ऐकत होते.

मी चंद्रभानकडं पाहिलं. "मी एकेचाळीस लिवलं, शेहेचाळीस लिवलं," मी म्हणालो. "यानं का दाबलं ते याले विचारा. याचं मशीन तं रिकाम्या शेडीत आग पाहते."

जुन्या चिठ्ठ्या मला परत मिळायच्या. तिन्ही माझ्याच खिशात होत्या. गाठीवर पाणी मारायच्या आधी मी त्या आगीत टाकल्या होत्या. चंद्रभान म्हणाला, "काका, चिठ्ठी दाखवा." मी म्हणालो, "चिठ्ठी मी सांभाळत बसू का माणसं वाचवू?" लोक माझ्या बाजूनं ओरडले. आठवड्याभरात कूलर निघाला, पडदे निघाले. चंद्रभानची पेटी एसटीच्या टपावर चढली.

त्याआधी, आगीच्याच दिवशी संध्याकाळी, त्यानं मला आपिसात बोलावलं होतं. गाठ जळून गेली होती, उरलेल्या सगळ्या थंड होत्या, मी स्वतः पुन्हा तपासल्या होत्या. त्यानं शेवटचा कागद काढला. तीन शेडी येस. चौथी नो. एकशे अठरा. अठ्ठावन्न.

त्यानं कागद पाहिला. मग माझ्या छातीवरचा बिल्ला पाहिला. बराच वेळ.

"काका," तो म्हणाला, "हा तुमाले ठेवा." आणि माझ्या हाताला हात न लागू देता कागद टेबलावर सरकवला.

कागद माझ्या ट्रंकेत आहे, अनुसयाच्या लुगड्यांखाली. शाई उडाली, पण चौथी ओळ वाचता येते. फाटक त्यानंतर नऊ वर्षं, जिनिंग बंद होईपर्यंत, माझ्या शब्दावर उघडलं. चार नंबरात मी गेलो नाही. तिथला माल दुसऱ्याला तपासायला लावला, पाठ दुखते म्हणून.

अनुसयानं त्यानंतर एकदाच माझ्या पाठीला हात लावला. झोपेत ठेवला आणि विस्तव लागल्यासारखा ओढला. उठून बसली. "बाप्पा, केवढी तपली हाय वो पाठ तुमची. ताप हाय का?" ताप नव्हता. तिच्या हाताला सकाळी फोड होता. ती स्वयंपाकाचा म्हणाली. ती जाईपर्यंत आम्ही दोन खाटा लांब लांब टाकून झोपलो.

तर जयवंता, हे असं आहे. डाक्टरला माझी पाठ मिळणार नाही. त्यानं हात ठेवला तर त्याला लागेल. आणि ठेवून त्यानं दोन थापा मारल्या तर मी तिथं थांबणार नाही, आधीच सांगतो.

राहिलं एक. मी काय केलं ते वर लिहिलं, सगळं लिहिलं, लपवलं नाही. पण भर बायांत, माझ्या बायकोसमोर, हात जुना झाला असं जो म्हणाला तो अजून आला नाही. हात जुना झाला नव्हता. तो हात अजून फिरतो, मी ऐकलं आहे. ज्यानं तसं म्हणलं त्यानं येऊन माफी मागायची आहे. कुठं असेल तिथून यावं. वर्ध्याचा, चष्मेवाला, चंद्रभान ढोले.